बुट्टी, फुटबॉल आणि तेरा नियम: कोर्ट नसलेल्या शाळेत बास्केटबॉल कसा सुरू करावा

पहिली खरेदी बुरुडाकडे करायची. स्पोर्ट्सच्या दुकानात नंतर जा, नाही गेलात तरी अडत नाही. दोन बुट्ट्या सांगायच्या: तोंड दीड फुटाचं, खोली फूट-सव्वा फूट, काठ दुहेरी विणीचा. (पुण्याकडचे कुणी वाचत असतील तर त्यांनी बुट्टीच्या जागी टोपली म्हणावं.) बुरूड विचारणार, भाकरीला पाहिजे का कांद्याला? बास्केटबॉलला म्हटलं की तो हसतो. हसू द्यावं, पण दोन्ही बुट्ट्या एका मापाच्या आहेत का हे त्याच्यासमोर मोजून घ्यावं. एक जरी बोटभर लहान निघाली तर हरलेला संघ महिनाभर तेच उगाळत बसतो.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत १९८४ ते २०१८ खेळ शिकवला. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, वर्गात मराठी, आणि मैदानावर तिन्हींची भेळ. वडील मागावर होते. रुजू झाले त्याच वर्षी हेडमास्तरांनी फर्मान काढलं, आंतरशालेय स्पर्धेत बास्केटबॉलचा संघ उतरवायचा. शाळेत कोर्ट नाही, रिंग नाही, एक चेंडू आणि त्यालाही पंक्चर. मी बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, जसं शिकले तसंच शिकवायला घेतलं. आधी ड्रिबल (चेंडू आपटत पुढं नेणं), मग ले-अप (पळत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकणं), मग पास. तीन महिने पोरं मुरमाच्या मैदानावर चेंडू आपटत राहिली. खाली खडा आला की चेंडू भलतीकडे, पोरगं भलतीकडे. स्पर्धेत आम्ही ३८-२ असे हरलो. ते दोन गुण तरी कसे झाले, ते मला आजही सांगता येत नाही.

बी.पी.एड.च्या माझ्या वहीत जेम्स नेस्मिथ हे नाव फक्त एका ओळीत होतं: बास्केटबॉलचे जनक, १८९१. हरून आल्यावर मी ती एक ओळ उकरायला बसले, आणि त्या माणसाच्या कारकिर्दीतच मला शिकवण्याची रीत सापडली. रीत साधी आहे. हा खेळ ज्या क्रमानं वाढला, त्याच क्रमानं तो पोरांना द्यायचा. ड्रिबल नंतर जन्मला, तर तो नंतरच शिकवायचा. रिंगला जाळी नंतर आली, तर आपल्यालाही नंतर. पुढचं सगळं याच क्रमानं लिहिते.

जागा

आजचं कोर्ट २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असतं. ते डोक्यातून काढून टाका. नेस्मिथ मास्तरांनी पहिला खेळ ज्या व्यायामशाळेत घेतला तिची जमीन याच्या निम्मीच असेल. तुमची प्रार्थनेची जागा पुरते.

झालं होतं असं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेची प्रशिक्षण शाळा होती. नेस्मिथ मूळचे कॅनडाचे, लहानपणीच आईवडील गेलेले, मॉन्ट्रियलला शिकून धर्मशास्त्राची पदवी घेतलेले. या शाळेत ते शिक्षक झाले. थंडीत बाहेर बर्फ, फुटबॉलचा मोसम संपलेला, बेसबॉलचा यायचा होता. मधल्या दिवसांत आतल्या आत कवायती. १८ जणांचा एक वर्ग त्या कवायतींना इतका कंटाळला होता की आधीच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. विभागप्रमुख ल्यूथर ग्युलिक यांनी नेस्मिथना १४ दिवस दिले: आत खेळता येईल असा काहीतरी खेळ काढा. त्यांनी फुटबॉल आत आणून पाहिला, लक्रॉस (जाळीच्या काठीनं खेळायचा चेंडूचा खेळ) आणून पाहिला. पोरं जखमी व्हायला लागली.

आपल्याकडे बर्फ नाही, ऊन आहे. मार्चपासून जूनपर्यंत सोलापुरात अकरानंतर पोरांना मैदानावर उतरवणं हा गुन्हा समजावा. सकाळी सात ते साडेआठ, नाहीतर खेळ नाही. सुरुवात नोव्हेंबरात करा म्हणजे संक्रांतीला सोलापुरात भरणारी गड्ड्याची जत्रा येईपर्यंत संघ उभा राहतो. जत्रेच्या आठवड्यात सराव ठेवू नका, कुणी येत नाही. मी दोनदा ठेवून पाहिला आणि दोन्ही वेळा एकटीच उभी होते.

रेषा फक्कीनं आखा. फक्की नसेल तर पूर्व भागात कुठल्याही कारखान्यात वेस्टेज सूत मिळतं, ते दगडाखाली दाबून अंथरलं तरी चालतं.

बुट्ट्या कुठं बांधायच्या

नेस्मिथनी शाळेच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली होती. त्याच्याकडे खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून १० फुटांवर होता म्हणून टोपली १० फुटांवर. आज जगभर रिंग ३.०५ मीटरवर असते ती त्या कठड्यामुळं. कुणी बसून हिशेब केला नव्हता.

म्हणून मीही आधी शाळेच्या पहिल्या मजल्याचा कठडा मोजला. १३ फूट भरला. तेवढ्या उंचीवर पाचवीतल्या पोरांनी चेंडू टाकावा म्हणजे आंब्यावर दगड मारण्यातला प्रकार. मग मैदानाच्या दोन टोकांना असलेल्या कडुलिंबांना वासे आडवे बांधले आणि त्यांना बुट्ट्या लटकवल्या. पाचवी-सहावीला आठ फूट, सातवी-आठवीला नऊ, त्यापुढं दहा. सुतळी वापरू नका, उन्हापावसानं सडते. नायलॉनची दोरी घ्या आणि काठाला चार ठिकाणी बांधा. तीन ठिकाणी बांधली की बुट्टी एका बाजूला कलते.

बुट्टीचं बूड कापायचं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण प्रत्येक नवा शिक्षक पहिल्याच दिवशी कोयता मागतो. चेंडू आत पडला की तो आतच राहिला पाहिजे. शिडी लावून कुणीतरी तो काढेपर्यंत खेळ थांबतो, पोरांना दम खायला मिळतो आणि तुम्हाला बोलायला. स्प्रिंगफील्डलाही असंच चालायचं. खालून मोकळी जाळी यायला कित्येक वर्षं जावी लागली.

चेंडू पाच नंबरचा फुटबॉल. हो, फुटबॉलच. पहिला बास्केटबॉल फुटबॉलनंच खेळले होते. हवा थोडी कमी ठेवा, लहान हातात बसतो.

कागद भिंतीवर लावा

नेस्मिथनी तेरा नियम लिहिले, कचेरीतल्या बाईंकडून टाइप करून घेतले आणि व्यायामशाळेच्या फलकावर लावले. दोन कागद. त्याच वर्गातल्या फ्रँक महान नावाच्या विद्यार्थ्यानं ते आठवण म्हणून पळवले आणि नंतर आणून दिले. तेच दोन कागद २०१० साली लिलावात ४३ लाख डॉलरला गेले. आमच्या भिंतीवरचा कागद तिसऱ्या दिवशी शेळीनं खाल्ला. तेव्हा कागद उंचावर लावा.

तेराच्या तेरा पहिल्या दिवशी सांगू नका. पाच पुरेत. चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथं झेलला तिथूनच टाकायचा. पळता पळता झेलला आणि थांबायचा प्रयत्न केला तर माफ. चेंडू एका किंवा दोन्ही हातांनी कुठंही टाका, फटकवा, पण मुठीनं नाही. धरायचा तो हातात, छातीशी कवटाळायचा नाही. ढकलणं, ओढणं, मारणं, पाय घालणं बंद. पहिल्यांदा केलं तर फाउल, दुसऱ्यांदा केलं तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. आणि पाचवा, माझा लाडका: एका संघानं लागोपाठ तीन फाउल केले, मधे समोरच्यांचा एकही नाही, तर समोरच्यांना एक गोल फुकट.

या पाचव्या नियमानं जे काम होतं ते माझ्या शिट्टीनं ३४ वर्षांत झालं नाही. दोन फाउल झाले की संघातली पोरंच आपल्या दांडगटाला दाबतात. "ए थांब बे, आता एक फाउल झाला तर गोल जाऊलालाय आपल्यावर." मास्तर ओरडला तर पोरगं ऐकतंच असं नाही, दोस्तानं कॉलर धरली की ऐकतं.

बाकीच्या नियमांतला एक वेळेचा आहे. १५ मिनिटांचे दोन डाव, मधे ५ मिनिटं विश्रांती. बेरीज करा. ३५ मिनिटं, म्हणजे शाळेचा एक तास! १८९१ मधल्या माणसानं जणू आपलं वेळापत्रक बघून लिहिलंय. हे महत्त्वाचं आहे, कारण आमच्याकडं शाळा सुटल्यावर सरावाला कुणी थांबत नसे. मुलगे कांड्या भरायला, मुली आयांबरोबर विड्या वळायला. जे काय करायचं ते तासात.

धोटा

संघ नऊ-नऊचे करा. पहिल्या खेळात १८ जण होते म्हणून नऊ-नऊ झाले: तीन पुढं, तीन मधे, तीन मागं. पाच-पाचचा संघ काही वर्षांनी ठरला. नऊचा फायदा असा की तुमच्या ४० च्या वर्गातले १८ एकाच वेळी खेळतात. दोन पंच, दोन शिडीवाले, दोन गुण मांडणारे, म्हणजे २४ जण कामाला लागले. उरलेल्यांना पुढच्या तासाला आधी घ्या.

आता पहिला आठवडा. फक्त पास.

पोरांना हे पटत नाही. ज्याच्या हाती चेंडू आला तो त्याला स्वतःचा वाटतो. मी बरीच भाषणं दिली, काही उपयोग नाही. एकदा वडील शाळेच्या कुंपणाशी येऊन थांबले होते, मला डबा द्यायला. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "धोटा हातात धरून बसलं तर कापड होतंय का?" धोटा म्हणजे मागावर आडवा धागा या काठावरून त्या काठावर नेतो तो. माझ्या सगळ्या पोरांच्या घरी माग. दुसऱ्या दिवशी मी एवढंच सांगितलं की चेंडू म्हणजे धोटा, या काठावरून त्या काठावर गेला पाहिजे, थांबला की धागा तुटला. आणि शाळेच्या भिंतीपलीकडच्या कारखान्याची जी खडखड वर्गात शिकवताना नकोशी व्हायची, तिच्याच ठेक्यावर पास करायला लावले. खट, टाक. खट, टाक. आठवड्याभरात पोरं न बघता पास करायला लागली.

तुमच्या गावात माग नसतील तर तुमच्या गावाचं काहीतरी शोधा. विटा झेलणारी पोरं असतील तर विटा, बाजारात टरबुजं उतरवणारी असतील तर टरबुजं.

सराव असा. नऊ जणांचं रिंगण, मधे दोघं अडवायला. सलग २० पास झाले की अडवणारे बदलले. मग तीन पट्टे: मैदानाचे आडवे तीन भाग करायचे आणि पुढच्यांनी पुढं, मधल्यांनी मधे, मागच्यांनी मागंच राहायचं. रेषा ओलांडली की चेंडू समोरच्यांना.

हे तीन पट्टे मी नेस्मिथकडून घेतलेले नाहीत. ते सेंडा बेरेन्सन या बाईंचे. स्प्रिंगफील्डजवळ स्मिथ कॉलेज म्हणून मुलींचं कॉलेज आहे, तिथं त्या व्यायाम शिकवायच्या. नेस्मिथचा खेळ निघून वर्षभर होतोय तोच त्यांनी तो मुलींसाठी घेतला, नियम बदलले, मैदानाचे तीन भाग केले, दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायला बंदी घातली, आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त चेंडू धरायचा नाही असं ठरवलं. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत घेतलं नव्हतं.

आम्ही मुलींचा संघ सुरू केला तेव्हा मीही शिपाईमामांना गेट लावून घ्यायला सांगितलं होतं. ओढण्या कमरेला बांधल्या. दहा मिनिटांत भिंतीवरून डोकी दिसायला लागली. मला वाटलं टवाळ पोरं, तर आया होत्या, सुपातली विडीची पानं तशीच मांडीवरून उचलून आलेल्या. एकीनं वरूनच आपल्या पोरीला तेलुगूत झापलं, चेंडू सोडलास का म्हणून. त्या दिवसानंतर परवानगीचा प्रश्न आला नाही. एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली: विड्या वळणाऱ्या मुलींची बोटं विलक्षण चपळ असतात. झेल त्यांच्याकडून सुटत नाही. त्यांचं बालपण त्या सुपात गेलं याचं मला वाईट वाटायचं आणि अजून वाटतं, पण बोटं चपळ होती हे खरं.

लगोरीचा हात

दुसऱ्या आठवड्यात बुट्टीत टाकणं. इथं पोरं चेंडू विटकरीसारखा सरळ फेकतात. बुट्टीचं तोंड आकाशाकडं आहे, सरळ फेकलेला चेंडू आत कसा पडेल?

गोलाचं तोंड वर ठेवण्यामागं नेस्मिथच्या लहानपणचा एक खेळ आहे. कॅनडात त्यांच्या गावाकडं एका मोठ्या दगडावर दुसरा लहान दगड ठेवायचे आणि लांबून आपला दगड मारून तो पाडायचे. पाडता नाही आला तर आपला दगड उचलून परत पळायचं, नाहीतर राज्य येतं. जो जोरात मारायचा त्याचा दगड लांब जायचा आणि तो पकडला जायचा. जो हळूच वरून उडवून टाकायचा तो वाचायचा. आतमध्ये खेळताना धसमुसळेपणा कसा टाळायचा, या विचारात असताना त्यांना हे आठवलं. गोल डोक्यावर आणि आडवा ठेवला तर जोर काढून उपयोग नाही, हळुवार टाकावंच लागतं.

लगोरीत जोर लागतो, म्हणून आपल्या पोरांचा हात जोराचा. त्यांना मी उलटी लगोरी द्यायचे. पाच चकत्या रचायच्या, त्यांच्यामागं बुट्टी जमिनीवर ठेवायची, आणि चेंडू चकत्यांवरून बुट्टीत पाडायचा, एकही चकती न हलवता. जमलं की चकत्यांच्या जागी एक पोरगं हात वर करून उभं करायचं. तेही जमलं की बुट्टी झाडावर.

पहिल्या दिवशी गोल झाले नाहीत तर घाबरू नका. इतिहासातल्या पहिल्या सामन्यात सगळा मिळून एकच गोल झाला, विल्यम चेस नावाच्या विद्यार्थ्याचा. निकाल १-०. आमच्या पहिल्या बुट्टी-सामन्यात एकही झाला नाही, तरी तास संपल्याची घंटा झाल्यावर पोरं हलेनात. तेव्हाच मला कळलं की हे चालणार.

शिट्टी पोरांच्या हाती

तेरा नियमांत दोन पंच आहेत. एक माणसांवर लक्ष ठेवतो, फाउल मोजतो. दुसरा चेंडूवर लक्ष ठेवतो, वेळ आणि गोल मांडतो. एकाच पोराला दोन्ही देऊ नका, गडबडतं. आणि तुम्ही स्वतः पंच होऊ नका. नेस्मिथ पुढं अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक असताना सामन्यात पंच म्हणूनही उभे राहायचे, पण ती माणसं वेगळी. तुम्ही उभे राहिलात तर पोरं खेळ सोडून तुमच्याशी वाद घालतील.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत पंचांकडून चुका होणार. होऊ द्या. फक्त एक करा, चेंडू रेषेबाहेर गेला की आत टाकायला पाचच सेकंद, हे स्वतः मोठ्यानं मोजा. नाहीतर अर्धा तास भांडणात जातो.

पाऊस

आपली जमीन काळी. पाऊस झाला की दोन दिवस पायाला चार-चार किलो माती. मुरूम टाकला असेल तरी चेंडू उसळत नाही. अशा दिवशी खेळ बंद करू नका, पासचा खेळ घ्या.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा घेतला गेला. अमेरिकेतल्या प्रशिक्षकांनी वर्गणी काढून नेस्मिथना तिथं पाठवलं, पहिला चेंडू त्यांच्या हस्ते उडवला. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या कोर्टवर, आणि नेमका पाऊस. चिखलात ड्रिबल कुणालाच करता येईना. अमेरिकेनं कॅनडाला हरवलं ते १९-८ असं, सगळा खेळ पासवर. त्याच पावसामुळं आपला हॉकीचा अंतिम सामना १४ ऑगस्टचा १५ ला गेला आणि ध्यानचंद यांच्या संघानं जर्मनीला ८-१ नं हरवलं. पोरांना ही गोष्ट चिखलात उभं करूनच सांगायची. वर्गात सांगितली तर जांभया देतात.

ड्रिबल, शेवटी

चौथ्या-पाचव्या आठवड्यात कुणीतरी पोरगं कोपऱ्यात अडकेल, पास द्यायला कुणी नाही, आणि ते चेंडू खाली टाकून स्वतःच पुन्हा पकडेल. "बाई, फाउल!" असा ओरडा होईल. नियम वाचा: पळायचं नाही असं लिहिलंय, टाकायचं नाही असं नाही. अमेरिकेतही अडकलेल्या खेळाडूंनी हीच पळवाट काढली आणि तिचाच ड्रिबल झाला. ज्या दिवशी तुमच्या पोरानं ही पळवाट स्वतः काढली, त्या दिवशी ड्रिबल शिकवायला घ्या, त्याआधी नाही. माझ्या एका तुकडीनं यासाठी दोन महिने लावले, मी थांबले. खडे वेचून घेतलेली १० फुटी पट्टी पुरते. बेरेन्सनबाईंचा आणखी एक नियम इथं कामाला येतो: तीनदाच आपटायचा, मग पास.

वही

शाळा तुमच्याकडून कप मागणार. स्पर्धा, क्रमांक, प्रमाणपत्रं, सगळं एका तक्त्यात. तो तक्ता भरून द्या, भांडू नका. स्वतःसाठी मात्र दुसरी वही ठेवा.

नेस्मिथ यांचा तक्ता बघा. १८९८ साली डॉक्टरकीची पदवी घेऊन ते कॅन्सस विद्यापीठात गेले, व्यायामशिक्षक म्हणून आणि प्रार्थनागृहाचं काम बघायला. ३ फेब्रुवारी १८९९ ला विद्यापीठाच्या संघाचा पहिला सामना कॅन्सस सिटीच्या वायएमसीएशी झाला. खेळ ज्यांनी काढला त्यांचाच संघ १६-५ असा हरला! १९०७ पर्यंत त्यांनी ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. कॅन्ससच्या पुरुष संघाच्या सगळ्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा हरणं जास्त असलेले ते एकटेच. हे वाचलं तेव्हा आमचे ३८-२ मला जरा बरे वाटायला लागले, खोटं कशाला बोलू.

त्यांच्याच हाताखालचा फॉरेस्ट ॲलन प्रशिक्षक व्हायला निघाला, तेव्हा नेस्मिथनी त्याला हटकलं होतं: हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो. ॲलननं ऐकलं नाही आणि कॅन्ससला ५९० सामने जिंकून दाखवले. या एका मुद्द्यावर मी ॲलनच्या बाजूची आहे. खेळ शिकवावा लागतोच. पण बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये यावा म्हणून धडपडलेला आणि गुरूला बर्लिनला पाठवायला झटलेलाही हाच ॲलन.

आणि नेस्मिथच्या वहीतलं एक नाव कुठल्याच जय-पराजयात बसत नाही. १९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन नावाचा कृष्णवर्णीय मुलगा कॅन्ससला शिकायला आला. रंगामुळं त्याला विद्यापीठाच्या संघात घेत नव्हते. नेस्मिथ तेव्हा सत्तरी ओलांडलेले, संघ कधीचाच दुसऱ्याच्या हाती. त्यांनी त्याला आपल्याजवळ घेऊन शिकवलं. तोच मॅक्लेंडन पुढं टेनेसीतल्या कॉलेजचा प्रशिक्षक झाला आणि १९५७, १९५८, १९५९ अशी तीन वर्षं लागोपाठ त्याच्या संघानं छोट्या कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. हा खेळ आपल्यापर्यंत आला त्यातही अशाच एका शिक्षकाचा हात आहे. स्प्रिंगफील्डहून शिकून आलेल्या हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, आणि तिथून शिकून गेलेले शिक्षक देशभर पसरले.

तेव्हा दुसऱ्या वहीत मी असलं लिहायचे: आज कुणी पहिल्यांदा न विचारता पास दिला. कोण रडलं. कोण तीन फाउलच्या भीतीनं भांडण सोडून बाजूला झालं. कुणाची चप्पल तुटली, म्हणजे उद्या ते येणार नाही. चपलेची नोंद सगळ्यात महत्त्वाची. मैदानातलं पोर कमी होतं ते बहुतेक वेळा तिथंच.

बूड कापायचा दिवस

सहा-सात आठवड्यांनी खेळाला वेग येतो आणि शिडीसाठी थांबणं पोरांना जड जायला लागतं. तेच म्हणतात, "बाई, कापा की आता." तेव्हा कापा. कोयत्यानं नाही, बुट्टी उसवते. बारीक करवतीनं बूड गोल काढा आणि कापलेल्या कडेला सुतानं पीळ घाला. प्रत्येक गोलनंतर चेंडू मधे आणून उडवायचा. अमेरिकेत कॉलेजच्या खेळात ही पद्धत १९३७ पर्यंत होती. त्यामुळं चेंडू खाली पडला तरी थोडा श्वास मिळतो.

माझ्या पहिल्या तुकडीत शिडीवर एक किडकिडीत पोरगा होता. दम्याचा त्रास, पळता यायचं नाही. सगळे त्याला शिडीच म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. गोल झाला की सगळं मैदान त्याच्याकडं बघत थांबायचं. तो सावकाश चढायचा, बुट्टीत हात घालायचा, चेंडू वर धरून सगळ्यांना दाखवायचा आणि मगच खाली टाकायचा. बूड कापलं त्या सकाळी पोरं ओरडत होती आणि हा शिडीच्या खालच्या पायरीवर बसून होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "आता मी काय करू बाई?"

माझ्या गळ्यात शिट्टी होती. फाउल मोजणाऱ्या पंचाचा दहावा नियम त्याला पाठ होता, तेराच्या तेरा पाठ होते, रोज शिडीवर बसून त्यानं तेच वाचलं होतं. त्यानं शिट्टी घेतली, पुसली आणि पहिल्याच मिनिटाला आमच्या कॅप्टनचा फाउल काढला.